सिमेंटच्या औषधाचा पेला

मी एक जुना पेला आहे. पाणी प्यायचा नव्हे, मापाचा. अंग जर्मलचं आहे, तुमच्या शाळेच्या पुस्तकात त्यालाच ॲल्युमिनियम म्हणतात. मित्रांनो, सध्या मी निरगुडसरच्या एका मळ्यात, गोठ्याच्या भिंतीतल्या कोनाड्यात असतो. मी थकलो आहे. पेल्याला कसला आलाय थकवा, असं तुम्हाला वाटेल. पण दिवसभर भरायचं आणि रिकामं व्हायचं, पुन्हा भरायचं आणि पुन्हा रिकामं व्हायचं, आणि एकदाही कमी-जास्त व्हायचं नाही, हे काम दिसतं तितकं हलकं नसतं. पंधरा वर्षं मी ते केलं. आता जे सांगायचं आहे ते सांगून टाकतो.

१९९३ साली पुण्यातल्या एका लहानशा कारखान्यात माझा जन्म झाला. पत्र्याची एक गोल चकती यंत्राखाली सरकवली, वरून दणका बसला आणि मला पोट आलं. मग दोन रिबिटा मारून दांडी जोडली. तपासनीसाने माझ्यात किती मावतं ते पाहिलं, बरोबर शंभर मिलिलिटर, आणि काठाखाली शिक्का मारला. शिक्का बसताना दुखलं, पण त्या दुखण्याचा मला अभिमान वाटला. तेव्हा मी नवा होतो.

कळंबला पुणे-नाशिक रस्त्यालगत रूपचंदशेठांचं दुकान होतं. रंग, खिळे, पत्रे, सिमेंट, दोर, सगळं तिथे मिळायचं. त्यांचे आजोबा मारवाडातून आलेले, पण शेठ आणि त्यांच्या पत्नी सज्जनबाई इथलीच मराठी बोलायचे. मला त्यांनी अळशीचं तेल आणि टर्पेंटाइन मोजायला ठेवलं. दुपारी शेठ जेवायला गेले की सज्जनबाई दुकानात बसायच्या. तेल ओतलं की वर फेस यायचा. गिऱ्हाईक घाईत असलं तरी सज्जनबाई तो फेस बसेपर्यंत थांबायच्या, मग कमी पडलेलं तेल वरून घालायच्या. काम झालं की मला चिंधीने पुसून फळीवर उपडं ठेवायच्या. तीन वर्षं माझ्या अंगावर डाग पडला नाही. जगात सगळीकडे असंच असतं, अशी माझी समजूत झाली.

१९९६ च्या उन्हाळ्यात दुकानात एक नवा माल आला. वीस लिटरचे पांढरे कॅन, आत काकवीसारखं गर्द तपकिरी पाणी. कॅनवर सगळं इंग्रजीत लिहिलेलं. लोक त्याला सिमेंटचं औषध म्हणू लागले.

ते कशाला लागतं ते थोडक्यात सांगतो. सिमेंट, वाळू, खडी आणि पाणी एकत्र कालवलं की जो ओला माल होतो, तो थोड्या वेळाने आवळायला लागतो. एप्रिल-मे महिन्यात आपल्याकडचं ऊन तुम्हाला माहीत आहेच. त्या उन्हात माल इतक्या लवकर आवळतो की घमेल्यातून नेईपर्यंत त्याचा ओलेपणा जातो. आधी टाकलेला थर घट्ट झाला आणि नंतर त्यावर दुसरा पडला, तर दोघं एकजीव होत नाहीत. मध्ये सांधा राहतो. त्या सांध्यातून पाणी झिरपतं, आतलं लोखंड गंजतं, आणि काही वर्षांनी ते बांधकाम धोक्याचं होतं. हे औषध पाण्यात मिसळून मालात घातलं की माल दोन-तीन तास जास्त ओला राहतो. मग हळूहळू, शांतपणे घट्ट होतो. मात्र ते मोजूनच घालावं लागतं. कमी पडलं तर उपयोग नाही. जास्त पडलं तर माल घट्ट व्हायचंच विसरतो.

आंबेगाव तालुक्याच्या पूर्वेकडे तेव्हा ओढ्यांवर लहान पूल आणि गावोगावी पाण्याच्या टाक्या बांधायचं काम चाललं होतं. शीला मॅडम नावाच्या तरुण इंजिनिअर त्या कामांवर देखरेख करायच्या. रस्त्याखालच्या एका मोरीत, म्हणजे पाणी जायच्या लहान पुलात, तसा सांधा राहिला म्हणून त्यांनी ती सगळी मोरी फोडायला लावली होती, आणि यापुढे उन्हाळ्यात औषधाशिवाय स्लॅब घालायचा नाही असं बजावलं होतं. म्हणून ठेकेदाराचा सुपरवायझर संपत औषध न्यायला कळंबला आला. रूपचंदशेठांनी त्याला दोन कॅन दिले. मग फळीवरून मला उचललं आणि त्याच्या हातात ठेवलं. हे अंदाजाने ओतायचं काम नाही, पेला घेऊन जा, असं ते म्हणाले. सज्जनबाईंनी जाताजाता मला एकदा पुसलं. त्या दुकानाचं मी पुन्हा तोंड पाहिलं नाही.

कामावर सगळीकडे धूळ होती. मिक्सरचा धडधडाट, सिमेंटची पोती, खडीचे ढीग, आणि डोक्यावर चुंबळ ठेवून रांगेने घमेली वाहणाऱ्या बाया. साडीवर पुरुषाचा जुना सदरा घातलेल्या, चाळिशीच्या एका बाईला शीला मॅडमनी रांगेतून बाजूला बोलावलं. तिचं नाव साळुबाई. नवरा वारलेला, घरी थोडी कोरडवाहू जमीन. मॅडमनी तिला का निवडलं ते मी नंतर बायांच्या बोलण्यातून ऐकलं. पाण्याचा पिंप भरताना ती एक थेंब सांडू देत नसे, ते मॅडमनी पाहिलं होतं.

"एका पोत्याला एक पेला," मॅडमनी तिला सांगितलं. "ऊन चढलं की दोन. तीन कधीच नाही. आणि कोरड्या सिमेंटवर ओतायचं नाही, पाण्यात मिसळून द्यायचं."

साळुबाईने ते मनातल्या मनात घोकलं आणि मान हलवली. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं. तिने खडीतले काही गोल खडे वेचून उजव्या बाजूला ठेवले. एक पोतं फुटलं की एक खडा डावीकडे जायचा. दिवसअखेरीला खडे आणि रिकामी पोती यांचा हिशेब कधी चुकला नाही.

तीन उन्हाळे आम्ही दोघांनी ते काम केलं. औषध चिकट होतं. माझं चकाकणारं अंग काळपट पडलं, दांडीच्या रिबिटांत वाळू अडकून राहिली. फळी नव्हती, चिंधी नव्हती. पण काम सुटलं की साळुबाई हातपाय धुवायच्या आधी मला धुवायची, आणि पालथ्या घमेल्यावर ठेवायची. रांगेतल्या बाया तिची चेष्टा करायच्या, तिला डॉक्टरीण म्हणायच्या. ती रागवायची नाही. घमेली वाहण्यापेक्षा हे काम सोपं आहे असं त्या म्हणत. मला माहीत आहे, ते सोपं नव्हतं. दिवसभर मिक्सरच्या गरम धुरात उभं राहून ती दर पोत्याला वाकायची, उठायची. संध्याकाळी तिची कंबर सरळ होत नसे.

१९९९ चा मे महिना आला. निरगुडसरच्या पलीकडच्या एका ओढ्यावर तीन गाळ्यांचा पूल चालला होता. ओढ्यापलीकडे वस्ती होती. पावसाळ्यात ओढा भरला की वस्तीतली मुलं शाळेला मुकायची, आणि आजारी माणसाला बाजेवर घालून, फेर घेऊन कळंबला न्यावं लागायचं. दोन गाळ्यांचे स्लॅब झाले होते. तिसरा राहिला होता. त्याच्या खालची सेंटरिंग, म्हणजे लाकडी बल्ल्या आणि फळ्यांचा आधार, ओढ्याच्या कोरड्या पात्रात उभी होती. पाऊस येण्याआधी तो स्लॅब घट्ट व्हायलाच हवा होता, नाहीतर पहिल्याच पुराने आधार ओढून नेला असता.

सकाळी सहाला काम सुरू झालं. पलीकडच्या टोकापासून माल टाकत अलीकडे यायचं होतं. अकरापर्यंत सत्तावीस खडे डावीकडे गेले. मग मिक्सरचा पट्टा तुटला. नवा पट्टा आणेपर्यंत दीड तास गेला. ऊन असं होतं की लोखंडाला हात लावला की चटका बसे. दोन बायांना चक्कर आली, त्यांना बाभळीखाली झोपवलं.

मिक्सर पुन्हा सुरू झाला तेव्हा संपतचा जीव थाऱ्यावर नव्हता. मित्रांनो, तो वाईट माणूस नव्हता. तो साळुबाईच्या नवऱ्याचा पुतण्या. तिला या कामावर त्यानेच आणलं होतं. पण सकाळचा माल आवळला आणि सांधा राहिला तर मॅडम हाही स्लॅब फोडायला लावतील, ही भीती त्याच्या डोक्यात बसली होती. त्याने साळुबाईला घमेल्यांच्या रांगेत पाठवलं, दोन बाया कमी पडल्यात म्हणाला, औषध मी बघतो म्हणाला. मला त्याने मिक्सरच्या खिळ्याला अडकवलं. एकेक पेला ओतण्यात वेळ जातो म्हणून त्याने चहाच्या सामानातला पितळी तांब्या उचलला आणि दर पोत्याला तांब्याने औषध ओतायला लागला.

मी खिळ्याला लटकून सगळं बघत होतो. तांब्यात किती मावतं ते मला नजरेने कळतं. मी काहीच करू शकत नव्हतो.

साळुबाई रिकामं घमेलं घेऊन परतली तेव्हा तिने ते पाहिलं. "संपत, पेला घे," ती म्हणाली.

"काकी, तू घमेली वाहा. मला नको शिकवू," तो म्हणाला.

ती क्षणभर थांबली. मागून दुसरी बाई आली, रांग अडली, आणि ती पुढे गेली. संध्याकाळी पाचला शेवटचं घमेलं रिकामं झालं. गडबडीत कुणाचा तरी पाय लागून कॅन आडवा झाला आणि उरलेलं औषध मातीत जिरलं. त्या दिवशी मला कोणी धुतलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी म्हातारे गवंडी रखमाजी स्लॅबवर पाणी मारायला चढले आणि लगेच खाली उतरले. पलीकडचा अर्धा स्लॅब चांगला घट्ट झाला होता. अलीकडचा अर्धा कणकेसारखा मऊ होता. त्यांनी अंगठा दाबला तर पेरभर आत गेला.

नऊ वाजेपर्यंत ठेकेदार आले, वस्तीतली माणसं आली, मंचरहून शीला मॅडम आल्या. औषधावर कोण होतं, असं ठेकेदाराने विचारलं. कुणीतरी साळुबाईचं नाव घेतलं. खोटं नव्हतं ते, तिचंच काम होतं. कालची दुपार सगळ्या बायांना माहीत होती. पण त्यांना उद्याही संपतनेच कामाला बोलवायचं होतं. त्या पदराचं टोक चाळवत उभ्या राहिल्या. संपत खडीच्या ढिगाकडे बघत राहिला.

मॅडमनी साळुबाईला विचारलं, पोत्याला किती पेले घातले. आधी एक, ऊन चढल्यावर दोन, असं ती म्हणाली. अकरापर्यंतचं ते खरं उत्तर होतं. ठेकेदार म्हणाला की उन्हात बाईची गणती चुकली, आणि यापुढे ती आपल्या कोणत्याही कामावर नको. साळुबाईने संपतचं नाव घेतलं नाही. संपतच्या बायकोला सातवा महिना होता. ते कामावर सगळ्यांना माहीत होतं, तिला तर होतंच.

शीला मॅडम मात्र स्लॅबवरच बघत होत्या. अर्धा घट्ट आणि अर्धा मऊ, म्हणजे दुपारी काहीतरी बदललं, हे त्यांना दिसत होतं. त्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. औषध किती गेलं ते नक्की कळलं, तर हा स्लॅब थांबून घट्ट होईल की नाही ते मला ठरवता येईल. ते नाही कळलं, तर माल मऊ आहे तोवर, आज संध्याकाळच्या आत, सगळं काढून टाकायला लागेल. कॅनवरून काही कळणार नव्हतं, तो मातीत रिकामा झाला होता. आणि आता स्लॅब काढला तर पावसाआधी दुसरा होणार नाही, हे सांगायची कुणाला गरज नव्हती. वस्तीतल्या माणसांनी एकमेकांकडे पाहिलं.

तेव्हा साळुबाई हलली. मिक्सरपाशी आली, खिळ्यावरून मला काढलं, पिंपाच्या पाण्याने खळबळून धुतलं. मग चहाच्या सामानातून तो तांब्या घेतला. दोन्ही घेऊन ती मॅडमसमोर नाही, संपतसमोर जाऊन उभी राहिली. तांब्या तिने त्याच्यापुढे धरला.

"काठोकाठ व्हता का गळ्यापत्तोर?" तिने विचारलं.

आवाज चढलेला नव्हता. पिठात पाणी किती घालू, असं विचारावं तसं तिने विचारलं. ठेकेदार काहीतरी म्हणायला लागला तर मॅडमनी हात वर करून त्याला थांबवलं. मी साळुबाईच्या दुसऱ्या हातात होतो.

"नीट आठव," ती म्हणाली. "त्यावर सगळं हाय."

"गळ्यापत्तोर," संपत म्हणाला. "दर पोत्याला एक. मीच वतलं."

साळुबाईने तांब्या गळ्यापर्यंत पाण्याने भरला, आणि सगळ्यांच्या देखत माझ्यात ओतायला सुरुवात केली. मी भरलो की ती मला पिंपात रिकामा करायची आणि पुन्हा भरायची. एक, दोन, तीन. सहाव्यांदा मी काठापर्यंत भरलो आणि तांब्या संपला. दुपटीऐवजी सहापट. दुपारच्या उन्हात चालतं त्याच्या तिप्पट. मित्रांनो, माझ्या आयुष्यात मी हजारो वेळा भरलो असेन. पण त्या सहा वेळा भरताना मला माझ्या जन्माचा उपयोग कळला.

मॅडम गावातल्या एसटीडी बूथवर गेल्या आणि औषध बनवणाऱ्यांच्या पुण्याच्या माणसाशी फोनवर बोलल्या. परत आल्या तेव्हा त्यांचा चेहरा काही हलका झालेला नव्हता. काठोकाठ तांब्या असता तर काढूनच टाकायला लागलं असतं, पण सहा पेल्यांत आशा आहे, असं त्या म्हणाल्या. स्लॅबवर कुणी पाय ठेवायचा नाही. उन्हाने वरून सुकू द्यायचा नाही. खालचा आधार नेहमीपेक्षा दुप्पट दिवस काढायचा नाही. ठेकेदार म्हणाला की उद्या तो खचला तर जबाबदारी माझी नाही. मॅडमनी कामाची वही मागवली, स्लॅब माझ्या जबाबदारीवर ठेवत आहे असं लिहिलं आणि खाली सही केली. त्यांची नोकरी त्या सहीवर टांगलेली होती.

मग वाट बघायची होती. बायांनी लांबूनच प्लास्टिकचा कागद अंथरला, त्याच्या कडांना दगड लावले. शेळ्या-कुत्र्यांनी वर जाऊ नये म्हणून साळुबाई काठी घेऊन पुलाच्या तोंडाशी बसली. तिला कुणी सांगितलं नव्हतं. दुसरा दिवस गेला, अंगठा आत जात होता. तिसऱ्या दिवशी सकाळी रखमाजींचा अंगठा जाईना, पण खिळा जात होता. तिसऱ्याच दिवशी दुपारी तीनच्या सुमाराला त्यांनी खिळा टेकवला, दाबला, आणि तो वाकला. त्यांनी वाकडा खिळा मॅडमच्या हातात दिला. मॅडम तिथेच वाळूच्या ढिगावर बसल्या आणि बराच वेळ उठल्या नाहीत.

पाऊस आला तेव्हा आधार अजून उभाच होता. पहिल्या पुराने चार बल्ल्या वाहून नेल्या. स्लॅब जागचा हलला नाही. मालाचे नमुने पुण्याला तपासायला पाठवले होते, ते पास झाले.

तुम्हाला वाटेल, यानंतर साळुबाईचा सत्कार झाला असेल. तसं काही झालं नाही. पुलाचा नारळ फुटला तेव्हा ती दुसऱ्या कामावर होती आणि शीला मॅडमची बदली झाली होती. ठेकेदाराने साळुबाईला कामावर ठेवलं, पण संपतला आठवड्याभरात काढून टाकलं, तो चाकणकडे निघून गेला. त्याच्या आईने साळुबाईशी बोलणं सोडलं. भावकीतल्या लग्नांच्या पत्रिका साळुबाईकडे येईनाशा झाल्या. माणूस सगळ्यांदेखत उघडा पाडला, असं त्यांचं म्हणणं. साळुबाईने स्वतःची बाजू कधी मांडली नाही. मात्र त्या पुलानंतर रांगेतल्या बायांनी तिला डॉक्टरीण म्हणायचं बंद केलं, आणि तीही आधीसारखी हसेनाशी झाली.

चार वर्षांनी संपतची आई वारली. साळुबाई दहाव्याला गेली, बायांच्या मागे बसली. परतल्यावर दुसऱ्या दिवशी मला धुताना तिने शेजारच्या बाईला सांगितलं की संपत पाणी घेऊन तिच्यापाशी आला होता. पूल कसा हाय, एवढंच त्याने विचारलं. हाय, असं ती म्हणाली. मग तो गेला. सांगताना ती माझं पोट घासत होती, घासून घासून स्वच्छ झालं तरी घासत होती.

पुढे काळ बदलला. मोठमोठ्या गाड्या फिरत्या पोटात तयार माल घेऊन कामावर यायला लागल्या. औषध तिकडे कारखान्यातच, यंत्राने मोजून पडायचं. माझं काम संपलं. साळुबाईचे गुडघेही तोवर संपले होते. २००५ साली तिने ठेकेदाराच्या माणसाकडून मला मागून घेतलं आणि घरी आणलं.

तिचा मुलगा अमृत आता शेती बघतो. विहिरीला पाणी लागलं तसे त्याने टोमॅटो लावले. किडीचं औषध तो बाटलीच्या झाकणाने, अंदाजाने ओतायचा. साळुबाईने मला त्याच्या हातात दिलं आणि यापुढे ह्यानेच मोजायचं म्हणून सांगितलं. त्यानेही ऐकलं. पुन्हा काम मिळालं म्हणून मला बरं वाटलं. तिने मला स्वयंपाकघरात मात्र कधी येऊ दिलं नाही. विषारी औषधांचं भांडं जेवणाच्या भांड्यांत नको, हे तिला न शिकता कळत होतं.

गेल्या वर्षी, २००८ साली, भरलेला फवारणीचा पंप ओट्यावरून घसरला आणि माझ्यावर पडला. माझा तळ आत गेला. अमृतने हातोडीच्या दांड्याने आतून ठोकून तो बाहेर काढला. बाहेरून मी ठीकठाक दिसतो. पण तळ पुरता खाली आलेला नाही, आत तो उचललेलाच आहे. त्या दिवसापासून माझ्यात शंभर मावत नाही. ऐंशीच्या थोडं वर मावतं. हे मला माहीत आहे. दुसऱ्या कुणालाही माहीत नाही.

यंदा टोमॅटोवर अळी पडली. अमृतने माझ्याने मोजून दोनदा औषध मारलं. अळी हटेना. काल तो दुकानदाराशी भांडून आला, त्याने औषधात भेसळ केली असं चार माणसांत म्हणून आला. घरी आल्यावर जेवताना म्हणाला, माप तरी बरोबर आहे ना बघायला पाहिजे. साळुबाई भाकरी थापायची थांबली.

"दुसरं काय बी म्हन," ती म्हणाली. "त्या पेल्याला नाव ठेवू नको. त्यो खोटं दाखवत न्हाई."

गोठ्याची भिंत चुलीच्या भिंतीला लागून आहे. मी कोनाड्यात होतो. मला सगळं ऐकू आलं.

मित्रांनो, जुन्या वस्तूंनी आपली कहाणी सांगून झाली की आम्हाला जपा, आम्हाला टाकू नका, अशी विनंती करायची असते. मला तसं काही मागायचं नाही. तुमच्या घरी जुनं माप असेल, तराजू असेल, औषधाचा चमचा असेल, तर त्याला धुवा, पुसा, त्याच्यावर माया करा. पण तो कितीही वर्षं खरा वागलेला असला तरी अधूनमधून नव्या मापाशेजारी ठेवून तपासा. आम्हाला तोंड नसतं. आम्ही बिघडलो तर आपणहून सांगू शकत नाही, आणि आमच्या चुकीपायी भलत्याच माणसाला बोल लागतो.

तुमच्यापैकी कुणी निरगुडसरच्या बाजूला राहत असेल, तर एवढं करा. साळुबाईला सांगा की पेला बिघडलाय. तिला वाईट वाटेल, पण तिला सांगा. मग मला भंगारात दिलं तरी चालेल.

फक्त लवकर या. अमृत उद्या सकाळी पुन्हा फवारणार आहे.